रोपिलेल्या दांताची निगा

दांत पडला म्हणजे पूर्वीं माणूस कवळी तरी लावी, किंवा बोळक्या तोंडानें उरलेलें आयुष्य काढी. आतां आणखी एक मार्ग निघाला आहे. जबड्याच्या हाडांत टिटॅनियम धातूचें लहानसें मूळ बसवावयाचें व त्यावर कृत्रिम दांत चढवावयाचा. यासच इंप्लांट अथवा दंतरोपण म्हणतात. या दांतास कीड लागत नाहीं, ही गोष्ट खरी. परंतु तेवढ्यावरून त्यास निगा नको असें जो समजेल, तो दांत व पैसा दोन्ही गमावून बसेल.

स्वीडनमधील शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क हे १९५२ सालीं सशाच्या हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं बसविलेलें टिटॅनियमचें उपकरण पुढें निघेना; हाडानें तें घट्ट धरून ठेविलें होतें. या अडचणींतूनच ही विद्या जन्मास आली. १९६५ सालीं यॉस्टा लार्सन नांवाच्या रुग्णाच्या जबड्यांत त्यांनीं अशीं मुळें बसविलीं. लार्सन २००६ सालीं वारले, तोंवर म्हणजे चाळीस वर्षें तीं त्यांच्या कामीं आलीं.

हाड धातूस धरतें खरें, पण त्यास बहुधा तीन ते सहा महिने लागतात. म्हणून आरंभींचे दिवस विशेष जपावयाचे. शस्त्रक्रियेच्या दिवशीं जोरानें चूळ भरूं नये, वारंवार थुंकूं नये, नळीनें ओढून कांहीं पिऊं नये. जखमेवर धरलेली रक्ताची गांठ निघाली तर रक्त पुनः वाहूं लागतें. गालावर बाहेरून थोडा थोडा वेळ बर्फ धरावा व रात्रीं उशी उंच घ्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सूज वाढली तरी घाबरूं नये. ती त्यापुढें उतरूं लागते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानें हलकेच चूळ भरावी. मऊ भात, वरण, खिचडी, दहीं असा आहार ठेवावा व दुसऱ्या बाजूनें चावावें. डॉक्टरांनीं दिलेलीं औषधें, बरें वाटलें म्हणून मध्येंच सोडूं नयेत. रक्त थांबेना, ताप आला, किंवा सूज व ठणका उतरण्याऐवजीं वाढतच गेला, तर विलंब न लावतां डॉक्टरांस गांठावें.

एकदां दांत बसला, चावतां येऊं लागलें, म्हणजे माणूस निष्काळजी होतो; आणि खरा धोका येथेंच आहे. नैसर्गिक दांताच्या मुळाभोंवतीं सूक्ष्म तंतूंचें वेष्टन असतें, व दांतावर जराहि अधिक दाब आला तर तें सूचना देतें. धातूच्या मुळास तें वेष्टन नाहीं. सभोंवार मळ सांचून हिरडी सुजली, तरी पुष्कळदां दुखत नाहीं. ब्रश लावतांना रक्त दिसणें, हीच काय ती पहिली खूण. याच वेळीं उपाय केला तर हिरडी पूर्ववत् होऊं शकते. दुर्लक्ष झालें तर दाह हाडापर्यंत उतरतो, आणि झिजलेलें हाड सहसा पूर्ववत् भरून येत नाहीं. कुंपणाचा खांब लोखंडाचा असला म्हणून काय झालें? बुडाची माती वाहून गेली म्हणजे तो डळमळणारच.

म्हणून नित्याची स्वच्छता हाच मुख्य उपाय. मऊ ब्रशानें दिवसांतून दोनदां, विशेषतः हिरडीच्या कडेनें, दांत घासावे. फटींत ब्रश पोंचत नाहीं. तेथें बारीक फटींचा ब्रश किंवा दंतधागा रोज फिरवावा. त्या ब्रशाची तार प्लास्टिकनें मढविलेली असावी, म्हणजे धातूवर ओरखडे पडत नाहींत. राखुंडी, मिश्री व तंबाखू यांस रजा द्यावी. तंबाखूनें हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो व जखम भरण्यास अडथळा येतो. मधुमेह्यानें साखर आटोक्यांत ठेवावी. झोपेंत दांत खाण्याची संवय असेल तर डॉक्टरांकडून रात्रीं घालावयाचें आच्छादन करून घ्यावें.

दांत दुखो वा न दुखो, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें, बहुधा दर सहा महिन्यांनीं, तपासणी करून घ्यावी, व वेळोवेळीं एक्स-रे काढून हाड पाहून घ्यावें. दांत हलूं लागल्यास कधीं नुसता स्क्रू ढिला झालेला असतो, कधीं हाडच सुटलेलें असतें. तो निर्णय घरीं होत नाहीं. जो दांत स्वतः तक्रार करूं शकत नाहीं, त्याची विचारपूस धन्यानेंच केली पाहिजे.