बोटीवर वायफाय ६ई चालेल का? जुन्या परवान्यांची गोष्ट

मागच्या भागानंतर भाईंदरच्या चौकहून एक व्हॉइस नोट आली. मागे समुद्राचा आवाज, बोटीच्या इंजिनाची धडधड आणि प्रश्न एकदम सरळ: "६ गिगाहर्ट्झचा राउटर मच्छीमार बोटीवर लावला तर चालेल का?"

उत्तर आहे, नाही. आणि ते 'का नाही' हाच आजचा विषय.

मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा वायफायसाठी परवानामुक्त करायचा मसुदा काढला. घरात कमी ताकदीचा राउटर चालेल, बाहेर अगदीच कमी ताकदीचा. पण गाडी, ट्रेन, बोट आणि तेलाचे फलाट, म्हणजे आपल्या समोरच्या समुद्रातलं बॉम्बे हाय वगैरे, तिथे बंदी. विमानात चालेल, पण १०,००० फुटांच्या वर.

कारण हा पट्टा रिकामा नाहीये. जमिनीवरच्या मोठ्या डिश याच लहरींवरून उपग्रहाकडे सिग्नल पाठवतात. एका राउटरने उपग्रहाला काही होत नाही. पण वरून बघा ना, लाखो राउटर एकदम दिसतात! घराच्या भिंती बराचसा सिग्नल गिळतात. उघड्या बोटीवर भिंत कुठली?

म्हणून मसुद्यात अट आहे: जुन्या वापरकर्त्याला त्रास द्यायचा नाही, आणि तुम्हाला त्रास झाला तर तक्रारही करायची नाही. ऐकायला अन्याय वाटतो, पण फुकट मिळणाऱ्या लहरींची ही किंमत आहे.

अमेरिकेत हेच जास्त अवघड झालं, कारण तिथे जुना माणूस म्हणजे फक्त उपग्रह कंपनी नव्हती. ३६५० ते ३७०० मेगाहर्ट्झवर गावोगावचे छोटे इंटरनेटवाले होते. टॉवरवर अँटेना, शेतावरच्या घराच्या छपरावर दुसरा, झालं कनेक्शन. एप्रिल २०१५ मध्ये तिथल्या एफसीसीने ३५५० ते ३७०० हा सगळा पट्टा सामायिक केला. सगळ्यात वर नौदलाची रडार, मग लिलावात पैसे मोजणारे, मग बाकी सगळे. कोणी कुठे बोलायचं ते एक संगणक यंत्रणा ठरवते.

मग या छोट्या लोकांचं काय? त्यांना मुदतीचं संरक्षण मिळालं, साधारण एप्रिल २०२० पर्यंत, काहींना त्यापुढेही. पण कागदावरच्या परवान्याला नाही हं! टॉवर एप्रिल २०१५ पर्यंत नोंदवलेला हवा आणि एप्रिल २०१६ पर्यंत खरोखर चालू हवा. मला ही अट पटते. नाहीतर कोणीही नुसतं नाव नोंदवून जागा अडवली असती. खटकतं ते पुढचं. बरीच जुनी यंत्रं त्या संगणकाशी बोलूच शकत नव्हती, म्हणजे मुदत संपायच्या आत स्वतःच्या खिशातून नवी घ्या. आणि २०२० च्या लिलावात समोर कोण? सुमारे साडेचार अब्ज डॉलर ओतणाऱ्या कंपन्या.

आपल्याकडेही २०१० मध्ये २३०० मेगाहर्ट्झचे ब्रॉडबँड परवाने २० वर्षांसाठी विकले गेलेत. २०३० फार लांब नाही.

आणि चौकच्या दादा, बोटीवर साधा २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय लावा. तो २००५ पासून परवानामुक्त आहे.