पॅकेजेस या संगणकावरून त्या संगणकावर नेताना

पायथॉनमधला प्रकल्प लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर पहिल्याच ओळीला अडतो: अमुक मॉड्यूल सापडले नाही. प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून आला, पण त्याला लागणारी पॅकेजेस मागेच राहिली. अशा वेळी अख्खे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पापुरते वेगळे ठेवलेले पायथॉन, फोल्डरसकट उचलून आणावेसे वाटते. बहुतेक वेळा हा उपाय फसतो.

पायथॉनच्या ३.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, असे एन्व्हायर्नमेंट बनवणारे 'व्हीएनव्ही' हे साधन भाषेसोबतच मिळते. त्याने बनवलेल्या फोल्डरमधल्या आज्ञांत मूळ जागेचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. फोल्डर हलले तरी आज्ञा जुन्याच पत्त्यावर पायथॉन शोधत राहतात. दुसरी अडचण याहून खोलवरची आहे. नमपायसारख्या पॅकेजचा मोठा भाग सी भाषेतून विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोसेसर आणि पायथॉन आवृत्तीसाठी संकलित केलेला असतो. विंडोजसाठीचा भाग उबुंटूवर चालत नाही. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले, तेव्हा जुन्या नमपायवर संकलित झालेली कितीतरी पॅकेजेस एकाच संगणकावरसुद्धा कोलमडली.

म्हणून न्यायची ती यादी. पॅकेजेस बसवणाऱ्या पिप या साधनाची 'पिप फ्रीझ' ही आज्ञा बसवलेल्या पॅकेजेसची नावे नेमक्या आवृत्त्यांसह देते; ती रिक्वायरमेंट्स नावाच्या फाइलमध्ये साठवायची आणि नव्या, रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'पिप इन्स्टॉल' तिच्यावरून सगळे पुन्हा बसवते. मात्र या यादीत मागवलेले आणि त्याच्यामागून आपोआप आलेले यांचा भेद राहत नाही. पांडास मागवले तरी नमपायही यादीत दिसते. वर्षभराने ही यादी वाचणाऱ्याला कोणते नाव काढता येईल हे कळत नाही. त्यामुळे स्वतः मागवलेल्या चार-सहा नावांची छोटी यादी हाताने लिहून ठेवणे केव्हाही शहाणपणाचे. फ्रीझची लांब यादी तिच्या जोडीला असावी, तिच्या जागी नव्हे.

काही पॅकेजेस मात्र पिपने बसवलेली नसतात. रसायनशास्त्राच्या अभ्यासात उपयोगी पडणारे आरडीकिट हे पॅकेज अनेक वर्षे मुख्यतः कोंडा या साधनाने बसवले जाई. कोंडा पायथॉनबाहेरची लायब्ररीही सांभाळते, पण त्याची पद्धत वेगळी. कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप फ्रीझ चालवले, तर काही नावांपुढे आवृत्तीऐवजी ते पॅकेज जिथे तयार झाले त्या परक्या संगणकावरचा फाइलचा पत्ता उमटतो. अशी यादी दुसरीकडे निरुपयोगी. तिथे कोंडाचीच निर्यात वापरावी आणि 'फ्रॉम हिस्टरी' हा पर्याय द्यावा. तो फक्त मागवलेली नावे लिहितो, म्हणून विंडोजवरून लिनक्सवर जाताना कमी अडतो. त्याच संगणकावर प्रत हवी असेल तर 'क्लोन' पुरेसे.

प्रयोगशाळेतल्या बऱ्याच संगणकांना इंटरनेट नसले, किंवा एकाच जोडणीवर सगळा वर्ग असला, तर आधी एका ठिकाणी 'पिप डाउनलोड' चालवून पॅकेजच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात. मग प्रत्येक संगणकावर 'नो इंडेक्स' आणि 'फाइंड लिंक्स' हे पर्याय देऊन त्या फोल्डरमधूनच बसवावे. डाउनलोड करणाऱ्या आणि बसवणाऱ्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम व पायथॉन आवृत्ती जुळली पाहिजे. पॅकेजच्या तयार फाइलच्या, म्हणजे व्हीलच्या, नावातच हे लिहिलेले असते: 'सीपी३१२' म्हणजे पायथॉन ३.१२, पुढे 'विन' किंवा 'मॅनीलिनक्स'. नाव वाचण्याचा कंटाळा केला की तास वाया जातो.

सगळे बसल्यावर 'पिप चेक' परस्परविरोधी आवृत्त्या दाखवते. पण पॅकेजेस आपसांत जुळली म्हणजे प्रोग्रॅम चाललाच असे नाही. तो ओळखीच्या माहितीवर चालवून उत्तर जुन्या संगणकावरच्या उत्तराशी ताडून पाहावे, आणि तोवर जुने एन्व्हायर्नमेंट पुसू नये.