घोडेगावचा कांदा, ढाक्याचा शेजार

परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरते, पण त्याची झळ नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या आणि नगरजवळच्या नेप्तीच्या कांदा बाजारात लिलावाच्या दिवशीच लागते. बांगलादेश हा भारतीय कांद्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. त्यामुळे ‘शेजारधर्म पाळायचा की देशहित बघायचे’ हा वाद इथे पुस्तकी राहत नाही.

निर्यातबंदी म्हणजे परदेशाची दारे सरसकट बंद, असे अनेकांना वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये लागू झालेल्या बंदीच्या काळातच केंद्राने बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहारीन आणि संयुक्त अरब अमिराती या सहा देशांसाठी ९९,१५० टनांची परवानगी दिली होती. मैत्री सांभाळली गेली. मात्र हा माल एका राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फतच जाणार होता. बाजारात बोली चढवणारे निर्यातदार बाजूलाच राहिले.

‘आपल्यावाचून ते जाणार कुठे?’ हा समज अधिक महागात पडणारा आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने अचानक बंदी घातली. काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी भर सभेत हिंदीतून सांगितले, की स्वयंपाक्याला कांद्याविना जेवण करायला सांगितले आहे. सभागृह हसले. त्यांचे म्हणणे मात्र गंभीर होते: आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती. पुढे ती सोय झालीच. म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा आला, काही तर विमानाने. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तेच घडले. दुखावले ते बंदीपेक्षा तिच्या अचानकपणामुळे.

देशहित बांगलादेशही बघतोच. मार्च २०२३ मध्ये आपल्या शेतकऱ्यांना भाव मिळावा म्हणून त्याने आयात थांबवली आणि तिकडे दर भडकल्यावर जूनमध्ये पुन्हा सुरू केली.

देशहित म्हणजे केवळ शहरातल्या ग्राहकाचे हित, हा गैरसमज सर्वांत खोल रुजला आहे. पारनेर-राहुरीचा शेतकरीही त्या देशातच मोडतो. २०२३ची बंदी डिसेंबरात आली; त्या महिन्यात त्याच्या हाती लाल कांदा असतो आणि तो चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांदा काही महिने थांबू शकतो; लाल कांदा मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. मे २०२४ मध्ये ही बंदी उठली, तरी ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य राहिले. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी संपले. तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती.