माल आधी, उतारू नंतर

मालवाहू जहाजावरच्या उतारूचा दिवस समजून घ्यायचा तर समुद्राआधी १२ या आकड्याकडे पाहावं. सागरी सुरक्षेच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार १२ पेक्षा जास्त प्रवासी घेतले की ते 'प्रवासी जहाज' ठरतं आणि त्याला फार कडक नियम लागू होतात. कंटेनर नेणाऱ्या कंपन्यांना ती झंझट नको असते. म्हणून उतारू घेतलेच तर बाराच्या आत, बरेचदा तीन-चारच. वीस-पंचवीस खलाशी-अधिकाऱ्यांच्या जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी एखाद्या ऑफिसरकडे असते. त्यामुळे तिकिटाआधी वैद्यकीय दाखला लागतो, वयाची अटही असते. करमणुकीला माणूस ठेवलेला नसतो. या प्रवासाला कुणी स्वस्त क्रूझ म्हणतं, कुणी जुन्या आगबोटींची शेवटची आठवण. मला दोन्ही वर्णनं चुकीची वाटतात. दुसऱ्याच्या कामाच्या जागी काही दिवस पाहुणा म्हणून राहणं, असं त्याचं खरं स्वरूप आहे. गैरसोय त्यातूनच येते आणि मोलही त्यातच आहे.

दिवसाचे खांब तीन: साडेसातच्या सुमारास नाश्ता, बाराला जेवण, संध्याकाळी साडेपाच-सहाला पुन्हा जेवण. तेही ऑफिसरांच्या मेसमध्ये, त्यांच्याच वेळेला. फिलिपिनो खलाशी असले की भात तिन्ही वेळा. जर्मन बोटींवर गुरुवारीच रविवार साजरा करायची जुनी रीत, म्हणजे त्या दिवशी केक. समुद्र खवळला की टेबलावरचं कापड पाण्यानं ओलं करतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. मधल्या वेळेत तुमच्या नावावर काहीच काम नसतं. ऑफिसर चार तास वॉच म्हणजे पहारा, आठ तास सुटी अशा चक्रात. तुम्ही कुठल्याच वॉचला नाही. परवानगीनं ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, उभं राहता येतं. कंटेनरांच्या भिंतीखालच्या अरुंद वाटेनं नाळेपर्यंत, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत, जाता येतं, पण आधी ब्रिजवर सांगून. इंजिन मागच्या बाजूला, त्यामुळे केबिनमध्ये पेल्यातलं पाणीसुद्धा थरथरत असतं. नाळेवर मात्र फक्त पाणी कापल्याचा आवाज.

यात कंटाळा येणार नाही का? येतो, आणि पुस्तकांच्या चळतीनं तो पुरता जातही नाही. पण इथे कंटाळा येतो तो कुणी तुमची मर्जी राखत नाही म्हणून, आणि पैसे देऊन कंटाळण्याची ही मुभा दुसरीकडे मिळणं कठीण. बंदरांबद्दलची तक्रार जास्त खरी. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज न्यूअर्कहून ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं आणि कंटेनरांचं युग सुरू झालं. तोवर जहाज गोदीत कित्येक दिवस पडून असे. आता तासांत मोकळं होतं. त्यात २००४ पासूनचे सुरक्षा नियम, शिवाय टर्मिनल गावापासून दूर. जगप्रवास करून बंदरातल्या क्रेनच पाहिल्या, असं होऊ शकतं. ज्याला शहरं पाहायची आहेत त्यानं विमानानं जावं, यावर माझ्याकडे उत्तर नाही. खर्चाचंही तसंच: कोविडपूर्वी दिवसाला साधारण १०० युरो पडत. जेवण आणि केबिन त्यात धरली तरी ते विमानापेक्षा महागच. पर्यावरणाचा मुद्दा पुढे करणाऱ्यांचं पटतं तेही अर्धंच. जहाज तुमच्याशिवायही निघणारच होतं, म्हणजे तुमच्यामुळे नवा धूर फारसा झाला नाही, एवढंच.

मग उरतं काय? आपल्या घरातल्या बहुतेक परदेशी वस्तू ज्यांच्या हातून येतात, त्यांचं काम जवळून पाहणं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात 'मुलगा बोटीवर आहे' हे वाक्य नवं नाही. पण बोटीवरचे त्याचे सहा-आठ महिने कसे जातात, हे घरच्यांनाही क्वचितच दिसतं. २०२० मध्ये कोविडमुळे सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले, तेव्हा जगाला त्यांची थोडी आठवण झाली. त्याच वर्षी बहुतेक कंपन्यांनी उतारू घेणं थांबवलं आणि नंतर फार थोड्यांनी दार पुन्हा उघडलं. जागा मिळालीच, तर उतरल्या दिवशीचं विमान आधीच ठरवून ठेवू नका. जहाज माल चढल्यावर निघतं आणि धक्का मोकळा झाल्यावर लागतं.