काळ्या मातीच्या गावात एक्झोरा

रोपवाटिकेत फुलांनी लगडलेली अझेलिया दिसली तरी औरंगपुऱ्यातल्या गच्चीसाठी ती घेऊ नये. दार्जिलिंग-सिक्कीमच्या गारव्यातलं हे झाड. आपल्याकडचा मे महिना चाळिशी ओलांडतो. मातीचं काही करता येतं, हवेचं नाही. तिच्याऐवजी एक्झोरा लावा. तो उन्हाला भीत नाही, पण अझेलियासारखीच त्यालाही आम्लधर्मी माती हवी. कोकणातल्या जांभ्या जमिनीत तो म्हणूनच खुशीत असतो.

इथे मात्र काही महिन्यांत त्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक घाईघाईने खत वाढवतात. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात. सुरुवात शेंड्याकडून झाली की दुखणं बहुधा लोहाचं. वास्तविक मराठवाड्याच्या काळ्या मातीत लोह भरपूर. पण तिच्यात चुनखडीही असते आणि सामू आठच्या आसपास जातो. तिथे लोह विरघळत नाही, मुळं उपाशी राहतात. त्यात बोअरचं जड पाणी! बादलीला पांढरा थर धरणारं पाणी कुंडीतही चुनाच सोडतं.

म्हणून कुंडी भाजक्या मातीची घ्यावी. नव्या सिमेंटच्या कुंडीतून चुना झिरपतो. काळी माती टाळून लाल माती, धुतलेलं कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळावं. राख आणि अंड्याची टरफलं या झाडाला वर्ज्य. गंधकाची भुकटी चालते, पण जिवाणू तिचं आम्ल करतात तेव्हा गुण येतो, त्याला आठवडे लागतात. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात झाकून ठेवलं तर जड पाण्याचा बराच त्रास वाचतो.

तरीही पिवळेपणा आला, तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं. फरशी आधी झाकावी, गंजाचे डाग सहसा निघत नाहीत. फवाऱ्याचा गुण तात्पुरता असतो, नवी पालवी पुन्हा पिवळी येते. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह घ्यावं. त्यातलं स्वस्त 'ईडीटीए' आपल्या मातीत टिकत नाही, 'ईडीडीएचए' टिकतं. दुकानदार दोन्हींना 'चिलेटेड'च म्हणेल, तेव्हा पुडीवरची अक्षरं वाचूनच पैसे द्या.