काठी कोणाच्या हातात होती?

जुन्या काठ्या जमवणं या विषयावर व्याख्यान आहे म्हटल्यावर काही जण मघाशी हसले. हसायला हरकत नाही. 'म्हातारपणाची काठी' असं आपण म्हणतो, तेव्हा आधाराची काठी डोळ्यांपुढे येते. आज मात्र मी ज्या काठ्यांबद्दल बोलणार आहे, त्या टेकण्यासाठी नव्हत्याच. त्या दाखवण्यासाठी होत्या.

हे प्रकरण फार जुनं आहे. इजिप्तच्या तुतनखामेन राजाचं थडगं १९२२ साली सापडलं. त्यात सुमारे १३० काठ्या आणि दंड निघाले. काहींच्या वाकलेल्या टोकावर हात बांधलेले शत्रू कोरलेले आहेत. म्हणजे राजानं काठी धरली की शत्रू मुठीत! नक्षी ही नुसती शोभा नसते, ती काहीतरी सांगत असते.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. दरबारात राजापुढे भालदार-चोपदार चालायचे. चोपदाराच्या हातातला चांदीनं मढवलेला दंड म्हणजे चोप. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत तो आजही आहे. मुक्कामाला समाजआरती असते. चोपदार चोप उंचावतात आणि एवढा मोठा जनसमुदाय गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते. तिचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच आरती होते. त्या दंडाला वजन आहे ते चांदीमुळे नाही, लोकांनी मान दिल्यामुळे.

आता गावात येऊ. आपलं धाड सीमेवरचं गाव. बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पलीकडचं भोकरदन मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. राज्यं दोन, पण गावगाडा दोन्हीकडे सारखाच. पाटील दोन्हीकडे होता, आणि वेसकरही.

पाटलाच्या, देशमुखाच्या हातात चांगल्या लाकडाची, कधी चांदीच्या मुठीची काठी. पुढे इंग्रजी साहेबाची वेताची छडी आली आणि वकील, मामलेदार, इनामदार यांच्याही हातात गेली. त्या काळातले स्टुडिओतले फोटो आठवा : पगडी, कोट, खुर्ची, आणि तरण्या माणसाच्या हातातही काठी. पायानं अधू म्हणून नाही, प्रतिष्ठा म्हणून. साहेबाच्या काखेतली ती छडी किती टिकली बघा. भारतीय नौदलानं अधिकाऱ्यांनी बॅटन बाळगण्याची प्रथा बंद केली ती २०२३ साली.

पण त्याच गावात आणखी एक काठी होती. वेसकराची. काही भागांत येसकर म्हणतात. महार समाजातल्या ज्या माणसाकडे गावकीची पाळी असेल, त्याच्या हातात ती असायची. वेशीची राखण, सरकारी सांगावा, मर्तिकाचा निरोप, सगळं त्याच्याकडे. या काठीला घुंगरू बांधलेले असत. तो भाकरी मागायला दारी आला की आवाजावरून घरच्यांना कळायचं. हीसुद्धा माणसाचा दर्जा सांगणारीच काठी, बरं का. एक काठी सांगायची, 'वाट सोडा.' दुसरी सांगायची, 'लांबून ओळखा.'

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं, ते याच बांधिलकीच्या विरोधात. मुंबई राज्यानं १९५८ मध्ये कनिष्ठ गाववतनं रद्द करण्याचा कायदा केला. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्यानं वंशपरंपरेची मुलकी पाटीलकीही गेली. दोन्ही काठ्यांमागचा कायदा संपला. पुढे काय झालं? चांदीच्या मुठीची काठी काचेच्या कपाटात गेली. घुंगरांची काठी लोकांनी टाकून दिली, आणि का टाकू नये? अपमान कोण जपून ठेवेल! पण संग्राहकानं हे विसरता कामा नये. नुसत्या सुंदर काठ्यांचा संग्रह पाहून वाटेल की आपला भूतकाळ सगळा चांदीचाच होता.

आता काठी वाचायची कशी? आधी मूठ सोडा, खालचं टोक बघा. तिथली धातूची टोपी म्हणजे शेंबी. ती एका बाजूनं झिजलेली असेल तर काठी खरोखर टेकून चाललेली आहे. शेंबी कोरी आणि मूठ मात्र हातानं गुळगुळीत झालेली असेल, तर काठी मिरवण्याची असण्याची शक्यता जास्त. मूठ चांदीची दिसली तरी जर्मन सिल्व्हर असू शकते. त्यात तांबं, जस्त, निकेल असतं. चांदी अजिबात नसते. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, हाडावर बारीक छिद्रं किंवा रेघोट्या. नक्षीच्या खाचांत सगळीकडे सारखाच काळा रंग बसलेला असेल तर सावध व्हा. जुना मळ असा मोजून बसत नाही.

शेवटी श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न घेतो : "आजोबांची काठी घरी आहे. विकावी का?"

ते तुम्ही ठरवा, पण आधी कायदा बघा. हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. काठी पिरगाळून ओढल्यावर आतून पातं निघालं तर ती गुप्ती. शस्त्रांच्या नियमांत ती तलवारीच्या गटात येते, म्हणून आधी पोलीस ठाण्यात विचारा. पुरातन वस्तू आणि कलाकृती कायदा १९७२ चा. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला परदेशात पाठवता येत नाही.

आणि विकण्याआधी एक काम करा. काठीचा फोटो काढा आणि एका कागदावर लिहा : कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या हुद्द्याची, कोणाकडून आली. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवत आयुष्य घालवलं. १९७५ साली तो संग्रह त्यांनी राज्य शासनाला दिला आणि आज तो राजा केळकर संग्रहालयात सगळ्यांना बघता येतो. आपल्याला तेवढं जमणार नाही. एक कागद तर जमेल?

ज्यांच्या घरात घुंगरांची काठी होती आणि आता नाही, त्यांच्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. सांगायची इच्छा असेल तर तेही लिहून घ्या. काठी राहिली नाही म्हणून तिचा इतिहास जायला नको.