परतीचा आठवडा

परदेशी मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांच्या मुक्कामातला सर्वांत धावपळीचा काळ म्हणजे शेवटचा आठवडा. सोलापुरातून अमेरिकेत स्थायिक झालेल्यांचे पालक बहुधा नातवंडाच्या जन्मानिमित्त किंवा उन्हाळ्यात तिकडे जातात आणि काही महिने राहतात. परतीची तारीख मनावर सोडता येत नाही. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती दिवस राहायचे हे उतरताना तिथला अधिकारी ठरवतो. ही तारीख आय-94 या नोंदीत असते आणि बहुतेकांना सहा महिने मिळतात. त्याहून अधिक राहिल्यास हातातला व्हिसा बाद होतो, म्हणून तिकिटाची तारीख या नोंदीशी आधीच ताडून पाहावी.

खरी कसरत बॅगांची. जाताना शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि सोलापुरी चादरींनी भरलेल्या बॅगा येताना बदाम, चॉकलेटे, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि भाचे-पुतण्यांच्या कपड्यांनी फुगतात. अनेक विमान कंपन्या एका बॅगेला 23 किलो देतात. अमेरिकेतल्या घरचा वजनकाटा पौंडांत असल्याने 50 पौंडांचा आकडा लक्षात ठेवावा लागतो. आधी एकट्याने काट्यावर उभे राहायचे, मग बॅग उचलून, आणि दोन आकड्यांतली वजाबाकी करायची. जास्त भरलेले वजन विमानतळावर सगळ्यांदेखत उपसण्यापेक्षा आदल्या रात्री घरी उपसलेले बरे. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच हवी. मोठ्या बॅगेत ती चालत नाही. रोजची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठीही जवळच ठेवावी.

सोन्याबद्दल मोठा गैरसमज आहे. परदेशातून पुरुषाने 20 आणि स्त्रीने 40 ग्रॅम दागिने करमुक्त आणण्याची सवलत वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यांसाठी आहे. सहा महिन्यांच्या पाहुण्यांना ती लागू नाही. स्वतःचे जुने दागिने अंगावर घालून जायचे असतील, तर निघतानाच भारतीय सीमाशुल्क कार्यालयातून त्यांची नोंद करून घेता येते. इतर भेटवस्तूंची करमुक्त मर्यादा 2016 च्या नियमांत 50,000 रुपये होती. अशा मर्यादा बदलत असल्याने प्रवासापूर्वी ताजा नियम पाहावा.

या आठवड्यात आई स्वयंपाकघरातून हलत नाही. पुरणपोळ्या करून फ्रीजरमध्ये रचल्या जातात, मेतकुटाचे आणि भाजणीचे डबे भरले जातात. या वेळेला खरेदीहून अधिक मोल आहे, म्हणून शेवटचे दोन दिवस दुकानांसाठी ठेवू नयेत. नातवंडांना निघण्याचा दिवस आधी सांगावा; त्यांना झोपेत सोडून पहाटे निघण्याने त्यांची समजूत निघत नाही. विमानतळावर निरोप सुरक्षा तपासणीच्या दाराशीच घ्यावा लागतो. पुढे विमान बदलायच्या विमानतळावर भाषेची अडचण वाटत असेल, तर व्हीलचेअरची सोय तिकिटाबरोबर किंवा किमान 48 तास आधी मागावी. चालता येणाऱ्या ज्येष्ठांनीही ती मागण्यात संकोच नको.

मुंबईत उतरल्यावरही प्रवास संपत नाही. सोलापूर तिथून रेल्वेने सुमारे 455 किलोमीटर. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस किंवा 2023 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली वंदे भारत हे नेहमीचे मार्ग. विमानाला उशीर होऊ शकतो, म्हणून त्याच दिवसाच्या लगतच्या गाडीचे आरक्षण धोक्याचे. सामान जड असेल तर हैदराबादला उतरणे सोयीचे. रस्त्याने ते मुंबईपेक्षा जवळ आहे.

घरी आल्यावर झोपेची घडी बसायला आठवडा, कधी दहा दिवस लागतात. मधुमेहाच्या गोळ्या-इन्शुलिनच्या वेळा कशा बदलायच्या, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची तारीख परतीच्या तारखेशी जुळवावी. अमेरिकेतून निघताना पारपत्रावर शिक्का बसत नाही. निघाल्याची नोंद विमान कंपनीच्या यादीवरून होते. ती चुकल्यास पुढच्या खेपेला पुरावा लागतो, म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवावा.